बंद राहणाऱ्या शेतघराचा विमा कसा काढायचा

सोलापूरच्या आसपास नान्नज-वडाळ्याकडे, तिऱ्ह्याला सीनेच्या काठी, नाहीतर पार करमाळा तालुक्यात उजनीच्या बॅकवॉटरला ज्यांनी शेतघर बांधलं आहे, त्यांच्या गाडीचा विमा सहसा वेळेवर भरलेला असतो. शेतघराचा एक तर नसतोच, आणि असला तर कर्ज देताना बँकेने सोबत दिलेला असतो. त्या पॉलिसीत पत्ता सात रस्त्याजवळच्या फ्लॅटचा असतो आणि घराचा प्रकार 'स्वतः राहत असलेलं' असा लिहिलेला असतो. नुकसान झाल्यावर सर्व्हेअर, म्हणजे कंपनीने नुकसान तपासायला नेमलेला माणूस, येतो, कुलूप पाहतो, मीटरचं रीडिंग पाहतो आणि विचारतो, "इथं राहतं कोण?" शेतघराच्या विम्याची सगळी तयारी या एका प्रश्नासाठी करायची असते. घर आठवड्याला एकदा उघडत असेल, तर तसंच प्रस्तावात, म्हणजे विम्याच्या अर्जात, लिहायचं आणि त्या वापराला लागू पडेल असं संरक्षण घ्यायचं.

कुठली पॉलिसी

1 एप्रिल 2021 पासून आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी ठेवावी लागते. मजकूर सगळीकडे एकच असतो. फरक हप्त्यात आणि वर जोडून मिळणाऱ्या जादा संरक्षणात पडतो. त्यामुळे दोन-तीन ठिकाणची कोटेशनं घेऊन तुलना करणं सोपं जातं.

तिच्यात आग, वीज पडणं, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणं, वाहन किंवा झाड येऊन आदळणं, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, दहशतवादी कृत्य हे सगळं धरलेलं असतं. भूकंपासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने जागे झालेल्या पिढीला याचं महत्त्व सांगायला नको.

बंद घरात ज्याची सगळ्यात जास्त धास्ती असते ती घरफोडी मात्र यात नाही. चोरीची भरपाई मिळते ती फक्त वरच्यापैकी एखादी घटना घडली आणि तिच्यामुळेच 7 दिवसांच्या आत चोरी झाली तर. म्हणजे पुरात मागची भिंत पडली आणि तिसऱ्या दिवशी तिथून गॅसची शेगडी आणि भांडी गेली, तर दावा बसतो. एरवी कडी-कोयंडा तोडून टीव्ही आणि इन्व्हर्टर नेला, तर नाही. 'घराचा विमा आहे' एवढ्यावर निर्धास्त राहिलेले बहुतेक इथंच फसतात.

घरफोडीचं संरक्षण आणि बंद घराची अट

घरफोडी वेगळी मागून घ्यावी लागते, आणि ती घेताना दोन वाक्यं शोधून वाचायची. पहिलं म्हणजे घर सलग किती दिवस बंद राहिलं तर संरक्षण थांबतं. घरफोडीच्या बऱ्याच पॉलिसींत सलग सात दिवस-रात्री घरात कोणी नसेल तर चोरीचा दावा नाकारण्याची अट असते. आगीच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत 30 दिवसांची मुदत होती. शेतघर दर रविवारी उघडत असलं तरी परीक्षेच्या दिवसांत किंवा लग्नसराईत दीड महिना तिकडे फिरकणं होत नाही. तेव्हा 'सदर घर हे सुट्टीतील वापराचे असून एका वेळी 60 दिवसांपर्यंत बंद राहू शकते' असं प्रस्तावात लिहा आणि कंपनीने ते मान्य केल्याची नोंद पॉलिसीवर किंवा एंडोर्समेंटवर (पॉलिसीला जोडलेल्या बदलाच्या कागदावर) मागा. एजंट फोनवर "चालतंय की, काळजी करू नका" म्हणाला, याला दाव्याच्या वेळी काही किंमत नसते.

दुसरं वाक्य बळजबरीने प्रवेशाचं. घरफोडी म्हणजे तोडफोड करून आत शिरणं. तुटलेलं कुलूप, वाकलेला गज, उचकटलेली चौकट, काहीतरी खूण हवी. किल्ली तुळशी वृंदावनामागे ठेवलेली असेल आणि चोराने तीच लावून दार उघडलं, तर ती पॉलिसीच्या भाषेत घरफोडी ठरत नाही. सालगडी, वाटेकरी किंवा राखणदार यांनीच हात मारला तर तेही सहसा वगळलेलं असतं. आता बऱ्याच कंपन्या साध्या चोरीचंही संरक्षण जादा हप्त्यात देतात. ते आहे का, हे थेट विचारा.

राखणदार आवारातल्या खोलीत कुटुंबासह राहत असेल तर ते आवर्जून लिहा. त्याने जोखीम कमी होते आणि 'घर बंद होतं' या आक्षेपालाही उत्तर तयार असतं. तो सोडून गेला तर तेवढ्याच तातडीने कंपनीला ईमेल करा. एका ओळीचा पुरतो.

विमा रक्कम

भारत गृह रक्षामध्ये इमारतीची रक्कम बाजारभावावर ठरत नाही. जमिनीचा यात काही संबंध नाही. कार्पेट क्षेत्रफळ (भिंतींच्या आतलं, वापराचं) गुणिले आजचा बांधकामाचा दर, अधिक आवारातली इतर बांधकामं, असा हिशोब असतो.

समजा घराचं कार्पेट क्षेत्रफळ 900 चौरस फूट आहे आणि तुमच्या भागातला ठेकेदार साहित्यासह 1,800 रुपये चौरस फूट सांगतो. घराचे झाले 16,20,000. कंपाउंडची भिंत आणि गेट 2,00,000, सेप्टिक टँक 50,000, छतावरचे सोलर पॅनेल 1,80,000, पाण्याची पक्की टाकी 40,000. एकूण 20,90,000. हे आकडे फक्त हिशोब दाखवण्यापुरते. तुमचा दर ठेकेदाराकडून एका कागदावर लिहून घ्या, सही-तारखेसह. पुढे दर कुठून आणला असं कोणी विचारलं तर तो कागद दाखवता येतो.

आवारातल्या गोष्टी इथं नाव घेऊन लिहायच्या. कंपाउंड, गेट, आतला रस्ता, सेप्टिक टँक, बायोगॅस, सोलर, पक्की टाकी हे 'इमारती'च्या व्याख्येत बसतं, पण त्याची रक्कम तुम्ही धरलेली असली पाहिजे. लॉन, आंब्याची झाडं, ठिबकच्या नळ्या यात येत नाहीत.

घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के संरक्षण आपोआप मिळतं, कमाल 10 लाख. वरच्या उदाहरणात 4,18,000. शेतघरात जुना सोफा, एक फ्रिज, चार खाटा आणि भांडीकुंडी असतात. एवढं पुष्कळ झालं. दागिने आणि रोकड तिथं ठेवूच नका, रोकडेला संरक्षण नाही.

या पॉलिसीत अंडरइन्शुरन्सची, म्हणजे कमी रकमेचा विमा काढल्याची, कात्री लागत नाही, हा मोठा फायदा. इतर पॉलिसींत 20 लाखांच्या मालमत्तेचा 10 लाखांचा विमा काढला असेल तर 2 लाखांच्या नुकसानीलाही निम्मेच मिळतात. इथं तसं होत नाही. मात्र म्हणून क्षेत्रफळ कमी सांगू नका, ती चुकीची माहिती ठरते आणि सगळी पॉलिसीच वादात येते. वर माडी चढवली किंवा मागे खोली काढली तर तेही कळवायचं.

पॉलिसी 10 वर्षांपर्यंत एकदम काढता येते. एका वर्षापेक्षा जास्त मुदत घेतली तर दर वर्षी इमारतीची रक्कम 10 टक्क्यांनी आपोआप वाढते, सुरुवातीच्या रकमेच्या जास्तीत जास्त 100 टक्क्यांपर्यंत. शेतघराचं नूतनीकरण हमखास विसरलं जातं, म्हणून तीन-पाच वर्षांची एकदम काढलेली बरी. नको वाटली तर वैयक्तिक ग्राहकाला पॉलिसी मध्येच बंद करून उरलेल्या मुदतीचा हप्ता परत मिळतो.

आपल्याकडची चार दुखणी

काळी माती. सोलापूर भागात शेतघराच्या भिंतीला तडा नाही असं घर दाखवा! उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसात फुगते, आणि जोत्याच्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तिरका तडा जातो. पॉलिसीत 'जमीन खचणे' आहे, म्हणून लोक दावा लावतात आणि तो नाकारला जातो. कारण नव्या बांधकामाचं बसणं, नेहमीचे तडे, भराव टाकलेल्या जमिनीचं सरकणं, नदीकाठची धूप, सदोष रचना किंवा हलकं साहित्य हे सगळं त्याच कलमात स्पष्ट वगळलेलं आहे. काळ्या मातीच्या तड्यांना उपाय विम्यात नाही, पायात आहे: मुरमापर्यंत खोदलेला पाया, प्लिंथ बीम आणि भिंतीलगत पाणी मुरू न देणारी फरशी.

तरीही एक काम करा. पॉलिसी काढायच्या दिवशी प्रत्येक तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, पट्टी लावून फोटो काढा. उद्या पुराने किंवा भूकंपाने भिंत फाटली, तर जुना तडा कुठे संपत होता आणि नवा कुठून सुरू झाला हे त्या रेघेवरून कळतं. रेघ नसेल तर सर्व्हेअर सगळंच जुनं धरतो, आणि त्याला दोषही देता येत नाही.

पूर. ऑक्टोबर 2020 मध्ये भीमा-सीनेच्या काठाला दणका बसला. सप्टेंबर 2025 च्या सीनेच्या पुरात लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. पूर पॉलिसीत आहेच, पण वेळ तुमच्या हातात असते. हप्ता कंपनीकडे जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, विमा कायदा 1938 चं कलम 64 व्हीबी तसं सांगतं. उजनीतून विसर्ग वाढल्याची बातमी ऐकून पॉलिसी काढायला धावण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेमध्ये काढा. नदीपासूनचं अंतर आणि 2020 किंवा 2025 मध्ये पाणी आत आलं होतं का, हे फॉर्ममध्ये विचारलं तर खरं लिहा. गावात ते सगळ्यांना ठाऊक असतं, लपत नाही.

बॅकवॉटरला शेड किंवा बोट ठेवायची खोली बांधलेल्यांनी आधी जमीन तपासावी. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन प्रकल्पाची असते, तुमची नसते. तिच्यावर उभारलेल्या बांधकामात तुमचा विमायोग्य हितसंबंध (नुकसान झालं तर ते तुमचंच, असा कायदेशीर हक्क) दाखवणं अवघड जातं, हप्ता कितीही भरला तरी. बोट घरसामानात येत नाही. तिच्यासाठी हल विमा, म्हणजे बोटीचा विमा, वेगळा.

पाचट. उसाची तोडणी झाली की शेजारचा शेतकरी फड पेटवतो, वारा फिरतो आणि ठिणगी तुमच्या गवती छपरावर येते. आगीचा दावा बसतो, पण छप्पर गवताचं, बांबूचं, ताडपत्रीचं असेल तर ते कच्चं बांधकाम धरलं जातं. त्याचा हप्ता वेगळा असतो, काही कंपन्या घेतच नाहीत. मुख्य घर आरसीसी असून शेजारी गवताचा गझिबो असेल तर दोन्ही वेगळे दाखवा, नाहीतर एका गझिबोमुळे सगळा दावा अडकून बसेल. माळवदी घराचंही तसंच: दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद असं लिहून कंपनीला पाहणी करू द्या. घराभोवती दहा-पंधरा फुटांचा पट्टा फेब्रुवारीआधी साफ ठेवला तर निम्मी काळजी मिटते.

वळीव. पत्र्याचं शेड उडालं तर वादळाखाली भरपाई आहे. मात्र सर्व्हेअर आधी जे-बोल्ट, म्हणजे पत्रा आवळणारे वाकडे बोल्ट, मोजतो. पत्रा पर्लिनला (खालच्या आडव्या दांडीला) तारेने बांधलेला दिसला, की 'सदोष काम' हा शेरा पडतो. आणि स्लॅबमधून झिरपणाऱ्या पाण्याने प्लास्टर फुगलं, हा देखभालीचा विषय. त्यावर दावा नाही.

वीजपुरवठ्याबद्दल थोडक्यात. व्होल्टेज वरखाली होऊन फ्रिज जळाला तर त्या फ्रिजचे पैसे मिळत नाहीत. त्याच्या आगीत बाकी स्वयंपाकघर जळालं तर त्या बाकीचे मिळतात. विहिरीवरची किंवा बोअरची मोटार घराच्या पॉलिसीत धरू नका, शेतीपंपाचा विमा सरकारी विमा कंपन्यांकडे वेगळा असतो.

पत्ता आणि कागद

शहरात घर क्रमांक असतो. शेतात गट क्रमांक असतो आणि एका गटात पाच घरं असू शकतात. म्हणून 'जोखमीचं ठिकाण' या रकान्यात असं लिहा: 'गट क्र. अमुक, मौजे अमुक, ता. उत्तर सोलापूर, जि. सोलापूर, डांबरी रस्त्यापासून उत्तरेस 400 मीटर, तळमजला आरसीसी घर 900 चौ. फूट व लगतची पत्र्याची शेड 200 चौ. फूट', आणि पुढे अक्षांश-रेखांश. पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा रकाना आहे, तिथं शहरातलं घर. ऑनलाइन फॉर्म दोन्ही पत्ते आपोआप सारखे करतो, तेवढी एक खूण काढायला विसरू नका.

कागदांत सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, घरपट्टीची पावती, वीजबिल आणि केवायसी. बिनशेती झालेली असेल तर आदेशाची प्रत. शेतजमिनीवर शेतघराची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 41 मध्ये आहे. त्याखाली परवानगी घेतली असेल तर तीही जोडा.

सातबारा वडिलांच्या नावावर आणि घर बांधलं मुलाने, हे आपल्याकडे सर्रास. पॉलिसी एकट्या मुलाच्या नावाने काढली तर दाव्याच्या वेळी 'घर कोणाचं' यावर महिने जातात. दोघांची नावं टाका. सामाईक क्षेत्र असेल तर भावांची संमती आधीच कागदावर घ्या. पूर येऊन गेल्यावर ती मिळवणं किती अवघड जातं ते सांगायची गरज नाही.

हुरडा पार्टी लावत असाल तर

घरचे पाहुणे आले, आगटी पेटवली, हुरडा-चटणी झाली, यात काही अडचण नाही. पण माणशी पैसे घेऊन डिसेंबर-जानेवारीत दर रविवारी पंगती उठत असतील, किंवा खोल्या भाड्याने देत असाल, तर ते घर राहिलं नाही, धंदा झाला. त्याला भारत गृह रक्षा चालत नाही. एका ठिकाणी एकूण मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' घ्यावी लागते. तिच्यात अंडरइन्शुरन्सची सूट 15 टक्क्यांपुरतीच आहे, म्हणून रक्कम नीट धरा. राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी केली असेल तर तुमचा वापर व्यावसायिक आहे हे सरकारदरबारी लिहिलेलंच आहे. विमा कंपनीला वेगळं सांगून निभत नाही.

अशा ठिकाणी सार्वजनिक दायित्वाचा, म्हणजे पाहुण्याला इजा झाल्यास त्याच्या भरपाईचा, विमाही हवा. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पाय घसरला तर बाहेर येणं पोहणाऱ्यालाही जड जातं. कुंपण, दोर आणि ट्यूब आधी, विमा त्यानंतर. कामाच्या माणसांसाठी कर्मचारी भरपाई पॉलिसी घ्या, तिचा विसर फार पडतो.

नुकसान झाल्यावर

आधी कंपनीला कळवा, मग चिखल काढा. उलटं होतं नेहमी. टोल-फ्रीवर फोन केला तरी त्याच दिवशी ईमेल टाकून दावा क्रमांक लिहून घ्या. भारत गृह रक्षात दाव्याचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून 30 दिवसांत द्यायचा असतो. घरफोडी असेल तर पोलिसांकडे तक्रार, आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल.

पुरात भिंतीवर पाण्याची रेघ उमटते. जमिनीपासून टेपने मोजून, टेप दिसेल असा फोटो काढा, चारही खोल्यांत. दोन दिवसांत ती पुसट होते. भिजलेल्या वस्तू बाहेर उन्हात टाका, पण सर्व्हेअर पाहीपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका. नुकसान वाढू नये म्हणून ताडपत्री टाकणं, मेन स्विच बंद करणं, पंप लावून पाणी काढणं हे करायचंच, आणि त्याच्या पावत्या ठेवायच्या. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, तो विम्याच्या सर्व्हेची जागा घेत नाही, तरी प्रत जोडा. त्या दिवशी तुमच्या महसूल मंडळात किती पाऊस झाला हे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतं, त्याचीही छपाई लावा.

ढिगारा उचलण्याला दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या फीला 5 टक्क्यांपर्यंत रक्कम वेगळी मिळते. फॉर्ममध्ये मागितली नाही तर कोणी आठवण करून देत नाही.

विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कंपनीने 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर 7 दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा. दिरंगाई झाली तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि 'बीमा भरोसा' पोर्टलवरही नोंदवा. फोनसाठी क्रमांक 155255. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. सोलापूर जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथं चालतात, फी नाही, वकील लागत नाही. मुदत मात्र एका वर्षाची आहे, आणि ती कंपनीने नकार कळवल्यापासून मोजतात. म्हणून नकाराचं पत्र आलेला लिफाफा, तारखेच्या शिक्क्यासह, टाकून देऊ नका.